सुईण गेली, सोबत का जावी?

१९९२-९३ मध्ये पहिली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तेव्हा देशातली जेमतेम २६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१च्या पाचव्या पाहणीत हे प्रमाण ८९ टक्क्यांच्या घरात गेलं, महाराष्ट्रात तर ९५च्या जवळ. २०१८-२० या काळात राज्यातले मातामृत्यू लाख जन्मांमागे ३३वर आले. नाळेतून होणाऱ्या धनुर्वातानं बाळं दगावायची. त्यातूनही २०१५ पर्यंत देश सुटला. ही कमाई फार मोठी आहे. मात्र तेवढ्याच वर्षांत कळा देणाऱ्या बाईजवळचं ओळखीचं माणूस नाहीसं झालं आणि त्याची नोंद कुठल्याच पाहणीत झाली नाही.

सुईण सातव्या-आठव्या महिन्यापासून घरी यायची. पोटाला तेल लावता लावता बाळाचं डोकं कुठं आहे, हे बोटांनी चाचपायची. कळा सुरू झाल्या की कंबर चोळायची, बाईला उकिडवं बसवायची, गरम घोटभर काही पाजायची आणि वार पडेपर्यंत हलायची नाही. पुढं बाळ-बाळंतिणीचं न्हाऊमाखू, शेक-शेगडी, धुरी हेही तिच्याकडेच. मात्र बाई अडली, मूल आडवं आलं किंवा रक्त थांबेना, तर तिच्या हाती काही नसे. गावानंही तिला मान दिला नाही. नाळ कापणं विटाळाचं, म्हणून अनेक गावांत ते काम दलित बायकांवर टाकलेलं. बाळंतपणापुरती घरात, एरवी उंबऱ्याबाहेर. ते दिवस परत यावेत असं मी मुळीच म्हणणार नाही.

खरं तर तिच्या जागी शिकलेली बाई उभी राहिली होती. उपकेंद्रातली नर्सबाई, म्हणजे एएनएम, घडवली गेली ती मुख्यतः बाळंतपणासाठी. पण १९७३च्या कर्तारसिंग समितीनंतर ती बहुउद्देशीय आरोग्य सेविका झाली. दोन वर्षांचं प्रशिक्षण दीड वर्षावर आलं आणि लसीकरण, कुटुंब नियोजनाची टार्गेटं, रजिस्टरं यांत तिचा दिवस जाऊ लागला. आपण सगळ्यात जास्त गमावलं ते इथं, असं मला वाटतं. गावातली, तोंडओळखीची आणि वेळेला मोठ्या दवाखान्यात पाठवण्याचं भान असलेली बाई आपल्याकडे घडत होती. तिला आपणच दुसऱ्या कामांना जुंपलं.

२००५ मध्ये दवाखान्यातल्या बाळंतपणाला प्रोत्साहन देणारी जननी सुरक्षा योजना आली. आशाताई बाईला घेऊन दवाखान्यात येऊ लागल्या. पण लेबर रूमच्या दाराशी आशाताई थांबते, सासू थांबते, आईही थांबते. आत टेबलावर बाई उताणी, हातात सलाइन, शेजारच्या टेबलावर दुसरी कण्हते आहे. ड्यूटी बदलली की नर्स बदलते. नवी नर्स आधी केसपेपर पाहते, मग बाईकडे. कळ असह्य होऊन ओरडलं तर दटावणी. त्या नर्सलाही दोष कसा द्यावा? एकटीनं तीन-चार बायका सांभाळायच्या, वर कागद भरायचे.

सोबतीनं नेमका काय फरक पडतो, हे फार आधी मोजून झालं आहे. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ग्वाटेमालातल्या रुग्णालयात कळा देणाऱ्या काही बायकांजवळ एक अनोळखी, वैद्यकीय शिक्षण नसलेली बाई बसवली गेली. तिनं फक्त पाठ चोळली, हात धरला, बोलत राहिली. गुंतागुंत न झालेल्या बाळंतपणांत अशा बायकांचा कळांचा काळ एकट्या बायकांच्या निम्म्याहून कमी भरला. तो प्रयोग छोटा होता. पण २०१७ मध्ये १७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक बायकांवरचे अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हाही कल तोच निघाला: सोबत असली की नैसर्गिक प्रसूती वाढते, सिझेरियन कमी होतं. पाचव्या पाहणीत महाराष्ट्रातलं दर चौथं बाळंतपण सिझेरियननं झालेलं असताना ही गोष्ट किरकोळ नाही.

केंद्र सरकारनं २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी एका सोबतिणीला परवानगी दिली. ती घरातली बाई असावी, स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, कपडे स्वच्छ असावेत, उपचारांत लुडबुड करू नये, अशा साध्याच अटी. २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं आली. निवडक परिचारिकांना १८ महिन्यांचं खास प्रशिक्षण देऊन बाळंतपणं त्यांच्याकडे सोपवायचा विचार त्यात आहे. विचार उत्तम. पण गरोदरपणात तपासणारी, कळांच्या वेळी जवळ असणारी आणि नंतर दूध पाजायला शिकवणारी मिडवाइफ एकच असावी, हा आग्रह धरला नाही, तर आणखी एक पद तेवढं वाढेल.

मिडवाइफ गावोगाव पोचायला वेळ लागेल. सोबतिणीला मात्र परवानगी आहेच, ती आजही आत जाऊ शकते. त्याला नवी इमारत लागत नाही की फार पैसा. कळा देणाऱ्या बाईला आडोसा मिळावा म्हणून टेबलांमधे पडदे लावा आणि दार उघडा, एवढंच दवाखान्यांना सांगणं आहे. आणि घरात कुणाला सातवा-आठवा लागला असेल, तर पुढच्या तपासणीलाच डॉक्टरांना विचारून ठेवा: लेबर रूममध्ये हिच्याजवळ आमच्यातलं कोण थांबणार?