टेक्स्ट फाईलमधल्या नकोशा स्पेस काढा, पण 'ठ' सांभाळा!

व्हॉट्सॲपवर आलेली नावांची यादी तुम्ही कॉपी करून टेक्स्ट फाईलमध्ये पेस्ट केली. दिसायला सगळं नीट. पण 'सुनीता पाटील' असं सर्च केलं की नाव सापडतच नाही! कारण यादीत नाव आणि आडनावामध्ये दोन स्पेस पडल्या आहेत. आपल्या नजरेतून हा फरक सुटतो, कॉम्प्युटरच्या नाही.

अशा स्पेस एकेक करून काढत बसण्यापेक्षा सी भाषेत छोटासा प्रोग्राम लिहिता येतो. ब्रायन कर्निहॅन आणि डेनिस रिची यांच्या 'द सी प्रोग्रामिंग लँग्वेज' या १९७८ सालच्या प्रसिद्ध पुस्तकात, अगदी पहिल्या प्रकरणात, अशाच प्रकारचा स्वाध्याय दिलेला आहे.

व्हाइटस्पेस म्हणजे काय?

जागा घेतात पण दिसत नाहीत अशी ही अक्षरं. प्रत्येकाला एक नंबर असतो. स्पेसचा ३२, टॅबचा ९ आणि नव्या ओळीचा १०. विंडोजमध्ये बनवलेल्या फाईलमध्ये ओळीच्या शेवटी १० च्या आधी आणखी एक १३ नंबर असतो.

प्रोग्राम कसा चालतो?

'गेटचार' हे फंक्शन फाईलमधून एकेक बाइट वाचतं आणि 'पुटचार' तो बाहेर लिहितं. मध्ये आपण फक्त एक खूण ठेवायची: 'स्पेस बाकी आहे का?' सुरुवातीला उत्तर 'नाही'.

१. ३२, ९ किंवा १३ आला, तर काहीच लिहायचं नाही. फक्त खूण 'हो' करायची.
२. १० आला, तर नवी ओळ लिहायची आणि खूण 'नाही' करायची. ओळीच्या शेवटच्या स्पेस इथेच गळून जातात.
३. दुसरं काहीही आलं, तर आधी खूण बघायची. 'हो' असेल तर एकच स्पेस लिहायची, मग तो बाइट लिहायचा आणि खूण परत 'नाही' करायची.

बस, एवढंच! फक्त वाचलेला बाइट 'चार' नाही तर 'इंट' प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. फाईल संपल्यावर 'गेटचार' एक ऋण संख्या देतं आणि ती ओळखायला 'इंट'च लागतो.

मराठीत खरी गंमत इथे आहे

वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात कधीकधी 'नॉन-ब्रेकिंग स्पेस' येते. यूटीएफ-८ मध्ये ती दोन बाइटची असते: १९४ आणि १६०. मग १६० दिसला की उडवून टाकू, असं वाटेल. तसं अजिबात करू नका!

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. 'ठ' चे बाइट आहेत २२४, १६४ आणि १६०. म्हणजे सरसकट १६० काढला, तर 'मराठी' या शब्दातलाच 'ठ' मोडतो आणि तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसू लागतं. त्यामुळे १९४ आल्यावर पुढचा बाइट वाचून बघा. तो १६० असेल तरच ती जोडी स्पेस समजा. नसेल तर १९४ लिहा आणि वाचलेला बाइट 'अनगेटसी' वापरून परत द्या.

मोबाईलवर चालेल का?

हो. अँड्रॉइडवर टर्मक्स ॲपमध्ये 'क्लँग' हा कंपायलर इन्स्टॉल करून हा प्रोग्राम चालवता येतो. एक काळजी घ्या: स्वच्छ मजकूर नेहमी नव्या नावाच्या फाईलमध्ये घ्या. इनपुट आणि आउटपुटला एकच नाव दिलंत, तर वाचायला सुरुवात होण्याआधीच मूळ फाईल रिकामी होते!

आणि प्रत्येक स्पेस फालतू नसते. पायथनच्या कोडमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या स्पेसलाच अर्थ असतो. तिथे हा प्रोग्राम चालवलात तर चालू कोड बंद पडेल. नावांच्या याद्या, निबंध, नोट्स यांच्यासाठी मात्र बिनधास्त वापरा. पहिल्यांदा चार ओळींची फाईल घेऊन बघा, आणि त्यात एक तरी 'ठ' असू द्या.