प्रिंटर चांगला असतो, भाऊसाहेब घरी गेलेले असतात

शाळांची नेटवर्कं लावून देणाऱ्यांना हमखास येणारा फोन म्हणजे, 'प्रिंटर गेला.' एका शाळेतून तो दर शनिवारी यायचा. प्रिंटर ऑफिसात, भाऊसाहेबांच्या, म्हणजे क्लार्कच्या, कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेला. लॅब आणि स्टाफरूम त्याच्यावरच शेअर करून छापणार. शनिवारी सकाळची शाळा. भाऊसाहेब लवकर घरी निघताना इमानेइतबारे कॉम्प्युटर बंद करून जात, आणि मग अख्ख्या शाळेची छपाई ठप्प. प्रिंटरला थेट नेटवर्कची वायर दिली, राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता राखून ठेवला आणि शनिवारचे फोन थांबले. पत्ता राखला नाही, तर वीज जाऊन आल्यावर राउटर प्रिंटरला भलताच पत्ता देऊ शकतो. मग नवीन रडगाणं.

प्रश्नपत्रिकांचा किस्सा तर खास मराठी शाळांचाच. बाई घरी जुन्या मराठी फॉन्टमध्ये पेपर टाइप करणार, शेअर्ड फोल्डरमध्ये टाकणार आणि ऑफिसातून बाहेर पडणार इंग्रजी अक्षरांची खिचडी. शिव्या खातं नेटवर्क! हे फॉन्ट रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसवतात. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही, तिथे खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये टाइप करा, नाहीतर फोल्डरमध्ये टाकण्याआधी पीडीएफ करा. एवढं सांगूनही सहामाहीला पुन्हा तेच.

शेअर्ड फोल्डर 'एव्हरीवन'ला पूर्ण खुला ठेवला की प्रॅक्टिकलच्या दिवशी कोणीतरी शेजाऱ्याची फाइल उचलून आपलं नाव देतोच. एका पठ्ठ्याने नाव बदललं, पण फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून शेजारच्या मशीनचंच नाव राहिलं. सर हसले आणि मग ओरडले. प्रश्नांचा फोल्डर फक्त वाचण्यापुरता आणि उत्तरांसाठी प्रत्येकाला वेगळं लॉगिन, ही व्यवस्था जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स आणि सांबा हे फाइल शेअरिंगचं सॉफ्टवेअर टाकूनही फुकटात होते. हा सांबा कॅनबेरातल्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने १९९१-९२च्या सुमारास लिहायला घेतला. दोन मशीन वायरवरून एकमेकांशी काय बोलतात ते ऐकून, जणू भाषा न येणाऱ्या गिऱ्हाइकाने हॉटेलात कान टवकारून बसावं तसा, तो फाइल शेअरिंगची ही बोली शिकला.

२०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतून, एसएमबी १ मधून, शिरून जगभर धुमाकूळ घातला. त्या वर्षअखेरच्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून ही पद्धत मायक्रोसॉफ्टने नव्या मशीनवर आपणहून द्यायची थांबवली. झालं! नव्या लॅपटॉपला लॅबमधल्या एक्सपी मशीनचे फोल्डर दिसेनात. व्हिडिओ पाहून ती पद्धत पुन्हा चालू करणारे सर भेटतात. माझ्या मते ते कुलूप काढून दार उघडं टाकतात. फोल्डर नव्या मशीनवर हलवावेत.

इंटरनेट वाटून घेण्याबद्दल थोडक्यात: एकदा उघडलेलं पान स्क्विड हा प्रॉक्सी सर्व्हर सगळ्यांसाठी साठवून ठेवायचा ते दिवस, पानं कुलूपबंद करून पाठवणाऱ्या एचटीटीपीएसने जवळजवळ संपवले. नेट कमी असेल तर किविक्स या ऑफलाइन वाचनाच्या सॉफ्टवेअरवर मराठी विकिपीडिया उतरवून लॅबमध्येच वाटावा.

आणि मुख्याध्यापकांनो, राउटरचा पासवर्ड, प्रिंटरचा पत्ता आणि सर्व्हरचं लॉगिन एका कागदावर लिहून तुमच्या कपाटात ठेवा. कॉम्प्युटरच्या सरांची बदली कधीही होऊ शकते.