कवड्या फेकायच्या की ठेवायच्या?



मागच्या महिन्यात आम्ही एका गटाच्या बैठकीला रेकॉर्डिंगसाठी गेलो होतो. विषय ठरला होता गांडूळखताचा. पण खत राहिलं बाजूला आणि दोन तास चर्चा झाली ती कवड्यांची. गटातल्या एका ताईंनी सासूबाईंच्या चार कवड्या उकिरड्यावर टाकल्या होत्या. देवीच्या माळेत ओवायची वस्तू उकिरड्यावर! सासूबाईंनी तीन दिवस सुनेशी बोलणं टाकलं होतं.

कारण तसं गंभीर होतं. ताईंनी शेळीसाठी गटातून कर्ज घेतलं होतं. त्यातले साडेसहा हजार रुपये त्यांच्या थोरल्याने मोबाइलवर पैसे लावून लुडो खेळण्यात घालवले. फोन ताईंचा, खातं ताईंचं, हप्ताही ताईंनीच भरायचा. त्यांचं म्हणणं असं, की पोराला पटाची चटक लागली ती टाळेबंदीत, आणि ती आजीनेच लावली. आजी म्हणत होत्या, "मी त्याला दान मोजायला शिकवलं. पैसे लावायला नाही." बैठकीत दोन तट पडले. काहींचं तर म्हणणं पडलं, की घरात कुठलाच पट नको, सगळा जुगारच.

आम्हाला दोघींचंही पटत होतं. म्हणून आज २०२० सालचे ते खेळ जरा आठवून बघू, आणि आजीचा पट व नातवाचा मोबाइल यांत नेमका फरक काय, तेही हिशेबाने बघू.

२५ मार्च २०२०. गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. आधी एकवीस दिवस म्हणाले, मग ती वाढतच गेली. बाजार बंद, शाळा बंद, एसटी बंद. मुंबई-पुण्याची माणसं गावात परतलेली. टीव्हीवर रामायण आणि महाभारत पुन्हा लागलं. पोरं घरात, पुरुष घरात, आणि आपलं काम दुप्पट. त्या वर्षी बायकांना निवांत वेळ मिळाला असं कोणी म्हणालं, तर त्याला एक आठवडा आपल्या घरची भांडी द्यावीत! तरीही दुपारची जेवणं उरकल्यावर तासभर काहीतरी मांडलं जायचं. त्या दिवसांत आम्ही केंद्रावरून विचारलं होतं, तुमच्याकडे काय खेळतात? दिवसभर फोन येत राहिले. कुणी ट्रंकेतला कापडी सारीपाट बाहेर काढला होता. कुणाच्या फाटक्या लुडोच्या सोंगट्या हरवल्या होत्या, म्हणून ब्लाउजची बटणं लावली होती. मारुतीच्या पारावर कोळशाने वाघबकरी आखली आणि पोलीसपाटलाने उठवून लावलं, असंही एकीने सांगितलं. पण सगळ्यांत जास्त नाव आलं ते चल्लस-आठचं. कारण साधं आहे. दुकानं बंद होती आणि या खेळाला दुकानातलं काहीच लागत नाही.

ज्यांना तो माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगतो. फरशीवर खडूने पाच ओळींत पाच-पाच, अशी पंचवीस घरं आखायची. अगदी मधल्या घरात फुली, आणि चारी बाजूंच्या मधल्या घरांत एकेक फुली. खेळणारे चौघे, प्रत्येकाने आपापल्या फुलीसमोर बसायचं. प्रत्येकाच्या चार सोंगट्या, त्या आपल्या फुलीत ठेवायच्या. बांगडीच्या काचा, तुरीचे दाणे, मक्याचे दाणे, खडे, काहीही चालतं, फक्त चौघांचं वेगवेगळं हवं.

आता चार कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितकं दान. एक, दोन, तीन. चारही उताण्या पडल्या तर चल्लस, म्हणजे चार. चारही पालथ्या पडल्या तर अष्टा, म्हणजे आठ. चल्लस किंवा अष्टा पडला की पुन्हा टाकायला मिळतं. सोंगटी आपल्या उजव्या हाताला निघते, बाहेरच्या सोळा घरांना वळसा घालून डाव्या बाजूने परत येते, मग आतल्या आठ घरांतून उलट दिशेने फिरते आणि मधल्या फुलीत जाऊन पिकते. वाटेत दुसऱ्याची सोंगटी आली तर ती मारायची. मार खाल्लेली सोंगटी पुन्हा आपल्या घरी, पहिल्यापासून सुरुवात. फुलीवर बसलेल्या सोंगटीला मात्र कोणी हात लावायचा नाही. आणि आमच्या भागातला एक महत्त्वाचा नियम: एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही.

गंमत आहे ती या नियमात. आत जायचं असेल तर कुणाला तरी मारावंच लागतं, मग समोर सासू असो नाहीतर नवरा. एक नवी सून फोनवर हसत सांगत होती, लग्नाला सहा महिने झाले, पण सासऱ्यांसमोर पहिल्यांदा मोठ्याने बोलले ती त्यांची सोंगटी मारताना. पटावर मान राखत बसलं तर डाव हातचा जातो. आणि रडीचा डाव खडी, हे तिथे मोठ्यांनाही ऐकून घ्यावं लागतं.

आता हिशेब. आजी म्हणत होत्या ना, मोजायला शिकवलं म्हणून? ते खरं आहे. कवड्या नसतील तर दोन चिंचोके घ्या आणि उभे फोडा. चार फाका मिळतात, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. पांढरी वर आली तर उताणी म्हणा. एक फाक दोन तऱ्हांनी पडू शकते. चार फाका मिळून दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे सोळा तऱ्हा. त्यांतल्या सहा तऱ्हांत दोनाचं दान येतं. चार तऱ्हांत एक, चार तऱ्हांत तीन. चल्लसची तऱ्हा एकच आणि अष्ट्याचीही एकच. म्हणजे फाका दोन्ही बाजूंना सारख्या पडत असतील, तर आठ वेळा टाकल्यावर साधारण एकदा चल्लस किंवा अष्टा हाती येणार. नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे दोन. म्हणून शहाणा माणूस दुसऱ्याच्या सोंगटीपुढे दोन घरांवर आपली सोंगटी ठेवत नाही, तिथे मार खायची भीती सगळ्यांत जास्त.

अजून एक. या सोळाही तऱ्हांच्या दानांची बेरीज चाळीस होते, म्हणजे एका दानाला सरासरी अडीच घरं. एक सोंगटी पिकायला चोवीस घरं चालावी लागते, चार सोंगट्यांना शहाण्णव. मार न खाता चाललात तरी चाळीसेक दानं लागतात. हे सगळं पाटी-पेन्सिल न घेता आजीला ठाऊक असतं, फक्त ती ते असं मांडून सांगत नाही. कवडीची मात्र गोष्ट थोडी वेगळी. तिची पाठ फुगीर आणि पोट सपाट, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी सारखी पडेलच असं नाही. आपल्या घरची कवडी कशी पडते ते ज्याला माहीत, तो निम्मा डाव जिंकलाच.

हा खेळ सारीपाटाच्याच घराण्यातला. सारीपाट कापडाचा, अधिकाच्या चिन्हासारखा. चार पट्ट्या, एकेका पट्टीत चोवीस घरं, चार रंगांच्या सोळा सोंगट्या. वेरूळला गेलात तर रामेश्वर लेण्यात आणि धुमार लेण्यात शंकर-पार्वती पट मांडून बसलेले दिसतील. म्हणजे नवराबायकोने पट खेळणं काही आजकालचं खूळ नाही. आपल्याकडची पचिसी इंग्रजांनी पाहिली, तिच्यावरून फासा घालून सोपा खेळ केला आणि १८९६ साली इंग्लंडमध्ये त्याचा हक्क घेतला. तोच लुडो. सापशिडीही अशीच आपल्या मोक्षपटावरून तिकडे गेली. मोक्षपटात शिडी पुण्याची आणि साप पापाचा असे. आपली परंपरा त्याचं नातं थेट ज्ञानेश्वरमाउलींशी जोडते. तर सांगायचं असं, की मोबाइलमधला लुडो आजीच्या पटाचा नातूच आहे. त्या अर्थी ताईंचं म्हणणं खोटं नव्हतं. पोराचा हात पटावर बसला होता, म्हणूनच मोबाइलवर आपण जिंकू असं त्याला वाटलं.

मग फरक कुठे पडला? खेळात नाही, पणात. महाभारतात द्यूताचा प्रसंग लागला, तेव्हा एका घरात दुपारचा डाव अर्ध्यावर थांबला होता म्हणे. द्रौपदीला पणाला लावलं ते पाहून म्हातारी म्हणाली, आपल्या पटावर फक्त तुरीचे दाणे लावायचे. आणि तुरीच्या दाण्यांची रात्री आमटी होते, ती सगळ्यांच्या पोटात जाते. घरात कोणी हरला तरी दाणे घरातच राहतात.

मोबाइलवर तसं नसतं. धरा, दोघांनी पन्नास-पन्नास रुपये लावले. शंभर जमले. पण जिंकणाऱ्याला शंभर मिळत नाहीत, खेळ चालवणारा मधला आपला वाटा काढतो. तो दहा रुपये धरू. जिंकलात तर नव्वद हातात, म्हणजे चाळीस रुपये फायदा. हरलात तर पन्नास गेले. आता दहा डाव खेळा. पाच जिंकलात आणि पाच हरलात, म्हणजे तोडीस तोड खेळलात. फायदा पाच चाळीस दोनशे, तोटा पाच पन्नास अडीचशे. बरोबरीत खेळूनही पन्नास रुपये गेले. समोरच्याचेही पन्नास गेले. दोघेही हरले, आणि जो पटावर बसलाच नाही तो शंभर घेऊन उठला. शंभर डाव खेळाल तर तेच पाचशे होतात. पोराचे साडेसहा हजार असेच गेले. तो काही वाईट खेळत नव्हता, चांगला खेळत होता, म्हणून जास्त वेळ खेळला.

बैठकीत हा हिशेब फळ्यावर मांडला, तेव्हा सगळ्यांत आधी तो पोरगाच गप्प झाला. "मला वाटायचं मीच चुकतोय, म्हणून परत खेळायचो," एवढंच बोलला.

बायांनो, आता कायदाही झाला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. खेळ नशिबाचा की हुशारीचा, हा वाद त्यात ठेवलेला नाही. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्या पोराला नाही. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने गोष्ट दडवू नका. अजूनही कोणी लिंक पाठवून पैसे मागत असेल, किंवा फसवून खात्यातून पैसे काढले गेले असतील, तर १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा. जितका उशीर, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता कमी. आणि पैसे पाठवायचा पिन पोरांना सांगू नका. अभ्यासाला फोन द्या, पिन देऊ नका. ताईंच्या घरी फोनचा पिन आणि पैशाचा पिन एकच होता.

त्या दिवशी गटाने कर्जाचे हप्ते लहान करून दिले. पोरगा सुट्टीत कांदा काढणीला जाऊन निम्मे स्वतः फेडणार, असं त्यानेच सांगितलं. पट बंद करायचा ठराव मात्र झाला नाही. तीन बायकांनी हात वर केले आणि चौथी म्हणाली, मग संध्याकाळी पोरं काय करतील? फोनच बघतील ना!

कवड्या पोराने उकिरड्यावरून शोधून आणल्या. तीनच सापडल्या. आजींनी त्या हळदीच्या पाण्याने धुतल्या, चौथीच्या जागी चिंचोक्याची फाक घेतली आणि सुनेला म्हणाल्या, "बस समोर." पण ती फाक हलकी, कवड्या जड. फाक दर वेळी उडून पटाबाहेर जाते आणि ते दान धरायचं की नाही, यावरून त्या घरात अजून भांडण चालू आहे.