लहान गाडीमागे स्कूटरचा ट्रेलर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गुडघे साथ देईनासे झाले की बॅटरीवरची मोबिलिटी स्कूटर माणसाला बाजारहाट करून आणते. पण तीच स्कूटर दुसऱ्या गावी न्यायची, तर हॅचबॅकच्या डिकीत ती मावत नाही. ब्रिटनमध्ये अशा वेळी गाडीमागे छोटा ट्रेलर जोडतात. त्याबद्दलचे काही गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज : लहान गाडीला ट्रेलर ओढवत नाही.
वस्तुस्थिती : गाडीच्या आकारावर हे ठरत नाही. दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली वजनांची पाटी असते. तिच्यावरचा पहिला आकडा भरलेल्या गाडीचं कमाल वजन सांगतो, दुसरा गाडी आणि ट्रेलर मिळून. समजा, ते 1,500 आणि 2,100 आहेत. तर गाडी पूर्ण भरल्यावरही मागे 600 किलो चालतात. दुसरा आकडाच नसेल, तर त्या गाडीला ट्रेलर जोडायचा नाही. काही लहान आणि विजेवरच्या गाड्यांना तशी परवानगी नसते.

गैरसमज : ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक हवेतच.
वस्तुस्थिती : बिनब्रेकच्या ट्रेलरचं भारासकट वजन 750 किलो किंवा रिकाम्या गाडीच्या वजनाच्या निम्मं, यांत जे कमी असेल तेवढं चालतं. म्हणजे हजार किलोच्या गाडीमागे 500 किलो. रस्त्यावर ताशी 8 मैलांनी धावणारी मोठी स्कूटरसुद्धा साधारणपणे 150 किलोच्या आतली असते. मात्र गाडीच्या पुस्तिकेत याहून कमी मर्यादा दिली असेल, तर तीच पाळायची.

गैरसमज : वेगळी परीक्षा द्यावी लागते.
वस्तुस्थिती : 1997 पासून लायसन्स मिळालेल्यांना जड ट्रेलरसाठी ती द्यावी लागे. 16 डिसेंबर 2021 पासून ही अट गेली. 750 किलोपर्यंतच्या हलक्या ट्रेलरला ती आधीही नव्हती.

गैरसमज : पट्टे आवळले की झालं.
वस्तुस्थिती : स्कूटरची मोटर मागच्या चाकांपाशी आणि बॅटऱ्या सीटखाली असतात, म्हणून तिचं वजन एका टोकाला जास्त. ते ट्रेलरच्या चाकांच्या मागे गेलं, तर मागे लादलेल्या बैलगाडीसारखा ट्रेलर उलाळ होतो आणि वेगात शेपूट हलवू लागतो. एकूण वजनाच्या 5 ते 7 टक्के भार पुढे, जोडाच्या गोळ्यावर यायला हवा. 300 किलोला 15 ते 21 किलो. हा भार घरच्या वजनकाट्यावरही मोजता येतो. स्कूटर ढकलून चढवताना मोकळा केलेला खटका परत जागेवर आणायला विसरू नये, नाहीतर तिचा ब्रेक लागत नाही.

गैरसमज : नेहमीसारखीच गाडी चालवायची.
वस्तुस्थिती : दुभाजक नसलेल्या रस्त्यावर कमाल वेग ताशी 50 मैल, मोटरवेवर 60. तीन किंवा अधिक लेनच्या मोटरवेवर सर्वांत उजवी लेन वर्ज्य. ट्रेलरवर गाडीचाच नंबर हवा, दिवे चालू हवेत आणि जोड निसटला तर धरून ठेवणारी साखळीही हवी. ट्रेलर आणि त्यातली स्कूटर गाडीच्या विम्यात धरलेली असेलच असं नाही. ते विमा कंपनीकडून आधीच लेखी घ्यावं.

ट्रेलर पसंत करण्याआधी गाडीची पाटी वाचावी, बॅटरीसकट स्कूटरचं वजन बघावं. दुकानात जायचं ते हे आकडे हाताशी घेऊनच.