बारा आठवड्यांनंतर

आरोग्य क्षेत्रातल्या स्टार्टअपची एखादी तुकडी अ‍ॅक्सेलरेटरमधून बाहेर पडली की वर्तमानपत्रांत एक ठरावीक फोटो येतो. मंचावर दहा-बारा तरुण, हातात मोठा चेक, मागच्या पडद्यावर ‘डेमो डे’. या मुलांचं कौतुक करायलाच हवं. बरी नोकरी सोडून मधुमेहींच्या पायावरची जखम किंवा बाळंतिणीचा रक्तस्राव या प्रश्नांमागे लागायला धाडस लागतं. पण अ‍ॅक्सेलरेटरमधले बारा आठवडे पूर्ण केले म्हणजे नेमकं काय पूर्ण झालं, हे बातमीत येत नाही.

अ‍ॅक्सेलरेटरचा साचा मुळात सॉफ्टवेअरसाठी घडला. 2005 साली अमेरिकेत वाय कॉम्बिनेटर सुरू झाला, तेव्हा सूत्र साधं होतं. थोडं भांडवल, त्या बदल्यात कंपनीत थोडा हिस्सा, तीन महिने जाणत्यांचं मार्गदर्शन आणि शेवटी गुंतवणूकदारांपुढे काही मिनिटांचं सादरीकरण. जेवण मागवण्याचं अ‍ॅप असं उभं राहू शकतं. चूक सापडली तर रातोरात दुरुस्त होते. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन मोजणाऱ्या यंत्राला ही मुभा नाही. बारा आठवडे म्हणजे तिची जेमतेम पहिली तिमाही. यंत्रामुळे तिचं बाळंतपण सुखरूप झालं का, हे कळायला पुढचे सहा महिने थांबावंच लागतं.

हिमोग्लोबिनचं उदाहरण मुद्दाम घेतलं. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. याच प्रश्नातून मुंबई परिसरात ‘बायोसेन्स’ ही कंपनी उभी राहिली. मुंबईच्या उत्तरेला पारोळ नावाचं गाव आहे. तिथे इंटर्नशिप करणाऱ्या एका तरुण डॉक्टरसमोर एक बाई बाळंतपणात दगावली. रक्तक्षय वेळेत लक्षात आला नव्हता. त्या डॉक्टरने आणि त्याच्या इंजिनिअर मित्रांनी सुई न टोचता, बोटातून प्रकाश पाठवून हिमोग्लोबिन सांगणारं ‘टचएचबी’ हे यंत्र करायला घेतलं. पहिलं चाललं नाही. तीसहून अधिक वेळा ते मोडून पुन्हा घडवलं, असं या गटातल्या मिश्किन इंगवले यांनी 2012 साली टेडच्या व्यासपीठावर सांगितलं होतं. मला त्या भाषणातला हाच आकडा सर्वांत मोलाचा वाटतो.

याच कंपनीची पुढची गोष्ट तर प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी सांगावी अशी आहे. ‘यूचेक’ हे त्यांचं अ‍ॅप लघवी तपासायच्या पट्टीचा रंग फोनच्या कॅमेऱ्याने वाचायचं. जगभर वाहवा झाली. मे 2013मध्ये अमेरिकेच्या एफडीएचं, म्हणजे औषधं आणि उपकरणांवरच्या नियामकाचं, पत्र आलं. पट्ट्यांना मान्यता होती ती डोळ्यांनी वाचण्यासाठी किंवा ठरलेल्या यंत्रात घालण्यासाठी. फोन ती वाचणार असेल, तर पट्टी आणि फोन मिळून नवं वैद्यकीय उपकरण होतं. त्याची परवानगी कुठे आहे, असा प्रश्न होता. मला तो रास्त वाटतो. अ‍ॅपने साखर नाही म्हटलं आणि ती असली, तर भोगणार तो रुग्णच.

आपल्याकडेही आता ही शिस्त आली आहे. 2017चे वैद्यकीय उपकरण नियम 2018पासून लागू झाले आणि 1 एप्रिल 2020पासून जवळपास सगळीच उपकरणं औषध कायद्याखाली आली. धोक्यानुसार अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. उत्पादनाचा परवाना कमी धोक्याच्या दोन वर्गांना राज्याकडून मिळतो, उरलेल्या दोघांना केंद्राकडून. एथिक्स कमिटी, रुग्णांवरच्या चाचण्या, कारखान्याची तपासणी यांत दोन-तीन वर्षं सहज जातात. डेमो डेला मिळालेला चेक तोवर संपलेला असतो. म्हणूनच केंद्र सरकारच्या ‘बायरॅक’ या संस्थेचं पन्नास लाखांपर्यंतचं, अठरा महिन्यांचं ‘बिग’ अनुदान मला मंचावरच्या चेकपेक्षा महत्त्वाचं वाटतं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं व्हेंचर सेंटर किंवा आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांनी 2014मध्ये उभारलेलं ‘बेटिक’ यांचं कामही याच चिवट जातीचं. बेटिकमध्ये डॉक्टर आणि इंजिनिअर एका टेबलाशी बसून नमुना घडवतात.

तरीही सर्वांत मोठा खड्डा पुढेच आहे, आणि तो खरेदीचा. स्टार्टअपना आरोग्य केंद्रात फुकट ‘पायलट’ करायला मिळतो. यंत्र येतं, फोटो निघतात, तीन महिन्यांनी बॅटरी उतरते आणि ते कपाटात जातं. दुरुस्ती कोणाची, सुटे भाग कोण देणार, नोंद कोणत्या रजिस्टरात करायची, हे कुणी ठरवलेलंच नसतं. टेंडर निघालं की उलाढालीची आणि अनुभवाची अट आडवी येते. केंद्र सरकारच्या खरेदीत मान्यताप्राप्त स्टार्टअपसाठी ती शिथिल करता येते, पण तसं करायचं की नाही हे खरेदी करणारं खातं ठरवतं. नव्या कंपनीचं यंत्र बंद पडलं तर जाब आपल्यालाच विचारला जाईल, ही अधिकाऱ्याची भीती खोटी नाही. तिच्यावर तोडगा काढणं हे सरकारचं काम आहे आणि ते झालेलं नाही.

अशा वेळी मला गडचिरोली आठवते. 1980च्या दशकाच्या अखेरीस डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने बाळांचा न्यूमोनिया गावातच ओळखायचं ठरवलं. तान्ह्या बाळाचा श्वास मिनिटाला साठच्या घरात गेला की धोका. पण गावातल्या सुइणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी असं साधन तयार झालं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. औषध सुइणीच्याच पिशवीत असे. सुईण काय करू शकते, इथून त्या साधनाची सुरुवात झाली होती. पुढे याच संस्थेच्या नवजात बाळांच्या घरगुती काळजीच्या प्रयोगात 39 गावांमधले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं आणि 2011मध्ये ही पद्धत आशाताईंमार्फत देशभर नेण्याचा कार्यक्रम सुरू झाला. प्रयोग प्रसिद्ध होण्यापासून देशाचा कार्यक्रम होण्यापर्यंत बारा वर्षं गेली.

पुढच्या डेमो डेला पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या गुंतवणूकदारांकडून काढून घ्याव्यात. एकीवर उपकेंद्रातली आरोग्यसेविका (एएनएम) बसावी, दुसरीवर जिल्ह्याचा खरेदी अधिकारी, आणि प्रश्न विचारायची पहिली पाळी त्यांची असावी.