धुलाईगृहाच्या फरशीखाली

रुग्णालयास देणगी देताना दात्याच्या मनात साधारणतः खाट, रुग्णवाहिका, क्ष-किरण यंत्र किंवा शस्त्रक्रियागृहातील दिवा असतो. कपडे धुण्याचे मोठे यंत्रही अनेक जण आनंदाने देतात. मात्र त्या यंत्रातील मळके पाणी वाहून नेणाऱ्या आणि फरशीखाली कायमच्या झाकल्या जाणाऱ्या नळावर कोणाच्याही नावाचा फलक लागत नाही. रुग्णाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने तो नळ यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे. मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी धर्मादाय रुग्णालयाचे धुलाईगृह नव्याने उभारावयाचे असेल, तर सांडपाण्याचा विचार यंत्राच्या खरेदीआधी का करावा, हे येथे थोडक्यात मांडले आहे.

मोरीच्या जाळीखाली एक वळणदार भाग असतो. त्यास ट्रॅप म्हणतात. फरशीतील ट्रॅप आपल्याकडे ‘नहाणी ट्रॅप’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या वळणात किमान ५० मिलिमीटर उंचीचे पाणी सदैव साचलेले राहावे, अशी योजना असते. गटारातील दूषित हवा आणि खोली यांच्यामध्ये हे पाणीच दाराचे काम करते. लंडनमधील घड्याळांचे कारागीर अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली अशा वळणाच्या नळीचे एकस्व घेतले. अडीचशे वर्षांनंतरही तत्त्व तेच आहे.

हे दार उघडे राहिल्यास काय घडू शकते, हे २००३ साली हाँगकाँगमध्ये दिसले. ‘ॲमॉय गार्डन्स’ या निवासी संकुलातील तीनशेहून अधिक रहिवाशांना त्या वर्षी सार्स रोगाची बाधा झाली. स्नानगृहांच्या फरशीतील ट्रॅप कोरडे पडले होते आणि हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यांच्या ओढीने सांडपाण्याच्या नळांतील जंतुयुक्त तुषार घरांत आले, हे संसर्गाचे एक महत्त्वाचे कारण असल्याचा निष्कर्ष तेथील आरोग्य खात्याच्या तपासात निघाला. रुग्णांचे रक्ताने व मलमूत्राने माखलेले कपडे जेथे धुतले जातात, तेथे ही दक्षता अधिकच आवश्यक ठरते.

ट्रॅपमधील पाणी मुख्यतः दोन कारणांनी नाहीसे होते. पहिले कारण हवेच्या ओढीचे. तीस किलो कपड्यांचे यंत्र रिकामे होताना शंभर लिटरांहून अधिक पाणी अल्पावधीत नळात उतरते. त्या लोंढ्यामागे पोकळी निर्माण होते आणि ती जवळच्या ट्रॅपमधील पाणी ओढून घेते. यावर उपाय म्हणजे व्हेंट पाइप. ट्रॅपच्या जवळून निघून गच्चीच्या वर, खिडक्यांपासून दूर उघडणारा हा नळ आत हवा पुरवितो आणि दुर्गंधी बाहेर सोडतो. खर्च वाचविण्यासाठी तो गाळणे म्हणजे नळांची निम्मी व्यवस्थाच सोडून देणे होय. दुसरे कारण बाष्पीभवनाचे. राजूर घाट उतरून खाली आले की एप्रिल-मे महिन्यांचा दाह वेगळा सांगावा लागत नाही. वापरात नसलेल्या मोरीचा ट्रॅप अशा उन्हाळ्यात लवकर कोरडा पडतो. म्हणून अनावश्यक मोऱ्या ठेवू नयेत आणि ठेवलेल्या प्रत्येक मोरीत आठवड्यातून एकदा तरी बादलीभर पाणी ओतावे.

यानंतर प्रश्न ढाळाचा. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळास साधारणतः चाळिसास एक असा ढाळ देतात. यंत्रापासून बाहेरचे चेंबर १० मीटर दूर असेल, तर नळ २५ सेंटिमीटर खाली उतरला पाहिजे. जुने चेंबर तितके खोल नसल्यास यंत्र ओट्यावर घ्यावे लागते, धुलाईगृहाची जागा बदलावी लागते किंवा नवे चेंबर बांधावे लागते. हे माप आधी घेतले नाही, तर नवी फरशी पुन्हा फोडण्याची पाळी येते आणि दात्यांचा पैसा दोनदा खर्च होतो.

काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात नळ तसाच पुरल्यास सांधे निखळतात व ढाळ बिघडतो. म्हणून खोदलेल्या चरात मुरूम किंवा वाळूचा दाबलेला थर देऊन त्यावर नळ टाकावा आणि प्रत्येक वळणावर तपासणीसाठी चेंबर ठेवावे. निर्जंतुकीकरणासाठी कपडे सुमारे ७१ अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतले जातात. नेहमीचा पीव्हीसी नळ इतक्या उष्णतेने मऊ पडू शकतो, म्हणून यंत्रालगत बिडाचा किंवा उष्णता सहन करणारा नळ योजावा. कपड्यांतून सुटणारी लव अडविण्यासाठी जाळी हवी, आणि ती रोज साफ करण्याइतकी हाताशी हवी.

मळके कपडे एका दाराने आत यावेत, धुतलेले दुसऱ्या दाराने बाहेर जावेत. सांडपाण्याचा उतारही स्वच्छ बाजूकडे कधीही नसावा. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार स्वच्छता व निर्जंतुकीकरणातून निघणाऱ्या दूषित पाण्यावर प्रक्रिया केल्याखेरीज ते इतर सांडपाण्यात मिसळता येत नाही. म्हणून प्रक्रिया-टाकीची जागा आराखड्यात प्रथमपासून दाखवावी. पावसाचे पाणी या नळांत आणू नये.

फरशी बसविण्यापूर्वी नळाचे खालचे तोंड बंद करून तो पाण्याने भरावा आणि पातळी उतरते का, हे विश्वस्तांच्या उपस्थितीत पाहावे. नळांचा नकाशा व छायाचित्रे दप्तरी ठेवावीत. पुढे केव्हा दुरुस्ती निघाली, तर तेवढीच फरशी उघडावी लागेल.

शेंडगावच्या परीट कुटुंबात १८७६ साली जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन स्वच्छतेस सेवेचा मान मिळवून दिला. रुग्णास मिळणारी धुतलेली चादर ही त्याच सेवेचा भाग आहे. आपली देणगी ‘बांधकाम’ या शीर्षाखाली खर्ची पडलेली दिसली, तर तिच्यातील काही अंश या न दिसणाऱ्या नळांत गेला असेल. तो योग्य ठिकाणी गेला आहे, असा विश्वास दात्यांनी अवश्य बाळगावा, आणि नळांचा नकाशाही हक्काने मागून पाहावा.