पिवळ्या भिंगावर अतिनील उतारा

जुनी मीडियम फॉरमॅट लेन्स चहासारखी पिवळसर दिसली, तर ती मळली आहे असे समजून घासू नका. आसाही या कंपनीने १९६९मध्ये आणलेल्या पेंटॅक्स ६×७ कॅमेऱ्याची १०५ मिमी, एफ/२.४ टाकुमार लेन्स हे याचे प्रसिद्ध उदाहरण. तिच्या काचेत थोरियम असते. त्यामुळे काच प्रकाश जास्त वळवते, तरी रंग फारसे फाकू देत नाही. मात्र थोरियम किरणोत्सारी आहे. त्याच्या माऱ्याने काचेतले इलेक्ट्रॉन जागचे हलून सूक्ष्म दोषांत अडकतात, निळा प्रकाश शोषतात आणि काच पिवळी दिसते.

अतिनील किरण हे इलेक्ट्रॉन मोकळे करतात. अतिनील दिव्याखाली काही दिवस ते काही आठवडे ठेवल्यास पिवळेपणा बराच उतरतो. ऊनही चालते, पण भिंगाने एकवटलेले ऊन आग लावू शकते आणि उष्णतेने आतले ग्रीस पातळ होऊन प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या पात्यांवर पसरते. म्हणून दिवाच बरा, आणि त्याकडे थेट पाहू नये.

नेहमीच्या वापरात या लेन्सचा धोका नगण्य आहे. काच मात्र फोडू किंवा झिजवू नका. तिची धूळ श्वासात जाणे घातक. थोरियमचा अर्धायुकाल सुमारे १४०० कोटी वर्षे असल्याने त्याचा किरणोत्सर्ग सुरूच राहतो आणि पिवळेपणा हळूहळू परततो. हा उपचार काही वर्षांनी पुन्हा करावा लागतो.